अकरा मिनिटं

प्रति,
मा. स्टेशन मास्तरसाहेब, मिरज जंक्शन.
अर्ज करते ऐसा की

बेळगावकडची पॅसेंजर फलाटाला लागते
तेव्हा साताऱ्याची नुकतीच सुटलेली असते.
शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली
सिग्नलपर्यंत दिसत राहते.
माझी आई त्या फुलीकडे बघत उभी असते.
वय एकाहत्तर, गाव शेडबाळ, भाषा दोन्ही.
काखेत पिशवी, हातात पितळी डबा,
डब्यात कोमट दूध, विरजण लावलेलं.
मी भिलवडीला असते.
माझ्या हाताला दही लागत नाही
असं तिचं म्हणणं आहे. लग्नाला सतरा वर्षं झाली.

पुढची गाडी चार तासांनी.

साहेब, माझे आजोबा जिन्नाप्पा मगदूम
संस्थानच्या जकात नाक्यावर कारकून होते.
तेव्हा एका बैलगाडीच्या दिवसात
तीन राजे लागायचे,
आणि मिरजेत रूळ तीन रुंदीचे.
इकडचं चाक तिकडच्या रुळावर बसायचं नाही.
हमाल पाठीवरून पोती वाहायचे
या वाघिणीतून त्या वाघिणीत,
आणि आजोबा हातभर सळईनं
एकेक पोतं भोसकायचे.
हळद असली की टोक पिवळं,
तंबाखू असली की शिंक.
एकदा त्यांनी नव्या नवरीच्या गादीत सळई घातली.
आत कापूसच निघाला.
ती बाई म्हातारी होईपर्यंत त्यांना
‘या, भोसके मगदूम’ म्हणायची
आणि चहा टाकायची.

सळई अजून आहे. आई तिच्यावर वांगं भाजते.

राजे गेले. रूळ एका मापाचे झाले.
आता विजयनगर गेलं की
उसाच्या कुठल्याशा फडात राज्य बदलतं,
खिडकीतून काही कळत नाही,
पाट्यांवरची अक्षरं तेवढी गोल होतात.
पण त्या अकरा मिनिटांत
अजून कुणीतरी पोती वाहतंय
असं मला वाटतं.

गेल्या मंगळवारी फलाटावर झडती होती.
तिकडून गुटखा येतो म्हणे.
पोरगेलासा शिपाई, छातीवर नाव कोळेकर.
‘काय आहे डब्यात?’
आई घाबरली की कानडीत शिरते.
‘मोसरु.’
‘मोसरु? हा कुठला नवा ब्रँड?’
तिनं झाकण काढलं.
दूध आता दूध नव्हतं
आणि दहीही झालं नव्हतं.
कोळेकरांनी बोट पुढं केलं.
‘हलवू नका हो,’ आई म्हणाली, ‘लागायलंय.’

तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली,
थांबा नसलेली.
फलाट हादरला, बाक हादरला,
आणि त्या पोरानं डबा दोन्ही हातांनी उचलून
छातीशी धरला,
छप्पन्न का अठ्ठावन्न वाघिणी जाईपर्यंत.
पिशवी बघायची राहूनच गेली.

आई पोचली तेव्हा दिवस मावळला होता.
दिवस मावळल्यावर ती जेवत नाही.
कुठल्या तरी वळणावर लागलेलं दही
एका बाजूला तिरकं होतं, पण घट्ट.
आम्ही सगळ्यांनी खाल्लं.
ती भिंतीला टेकून आमच्याकडे बघत बसली,
म्हणाली, आंबट झालं नाही ना?

तरी विनंती की
साताऱ्याची अकरा मिनिटं धरून ठेवावी,
नाहीतर बेळगावची वेळेत आणावी.
दोन्ही जमत नसेल तर
त्या फलाटावर सावलीला एक बाक द्यावा,
सपाट. सध्याचा उताराचा आहे.

आपली,
त्रिशला भूपाल चौगुले, भिलवडी.

ता. क. आई विचारते,
कोळेकरांच्या घरी दही कोण लावतं?